सणाच्या स्वयंपाकघरात सापडणारा चोर

मोदक वळायला बसलेल्या बाईला मध्येच उठावं लागलं, तर ती गोष्ट ताट सांगून टाकतं. पहिल्या आठ-दहा मोदकांच्या कळ्या एकसारख्या, पारी पातळ, टोक नेमकं मिटलेलं. पुढच्या मोदकांच्या कडांना बारीक चिरा, कळ्या जाड आणि कमी, एखाद्याच्या बुडातून गुळाचा ओघळ. उकड गार झाली की तिचा चिवटपणा जातो, मग पारी पसरायला गेलं की ती फाटते. ज्यांचा हात या कामात मुरलेला आहे त्यांना वाफवलेलं ताट बघूनही कळतं, की इथे वीस-पंचवीस मिनिटांचा खंड पडला होता. एवढ्या वेळात ती बाई कुठे गेली होती, हा पुढचा प्रश्न.

सणावारी घडणाऱ्या, खाण्यापिण्याभोवती फिरणाऱ्या रहस्यकथा मला आवडतात त्या यासाठी. इंग्रजीत ‘कोझी मिस्टरी’ नावाची सगळी जातकुळीच आहे. खून झालाच तर तो पडद्याआड, रक्ताचं वर्णन नाही, गाव लहान, माणसं एकमेकांना ओळखणारी. तपास करणारी व्यक्ती पोलिसातली नसते, ती बेकरी चालवते किंवा लग्नकार्याची जेवणं करून देते. पुस्तकाच्या शेवटी कथेतल्या पदार्थांच्या कृती छापलेल्या असतात. या कथांचं आकर्षण विचारलं की लोक उबदार घर, हातात गरम चहा, बाहेर थंडी वगैरे सांगतात. ते खरं आहेच. पण माझ्या मते त्यांची खरी ताकद दुसरीकडे आहे. उकड किती वेळ मऊ राहते, पाक कधी पुढे जातो, बरणीचं झाकण कोण कसं लावतं, हे ज्ञान घरात कुणी ज्ञान म्हणून मोजत नाही. या कथांमध्ये गुन्हा उलगडतो तो नेमका त्याच ज्ञानावर. वाचणारी बाई स्वयंपाक करणारी असेल तर ती फौजदाराच्या दोन पावलं पुढे असते, आणि लेखकाने तिला तसं असू दिलेलं असतं.

नाताळ आणि रहस्यकथा यांची सोयरीक जुनी आहे. शेरलॉक होम्सची ‘ब्लू कार्बंकल’ ही नाताळातली कथा ‘स्ट्रँड’ मासिकात जानेवारी १८९२ मध्ये आली. त्यात चोरलेलं रत्न सापडतं ते नाताळच्या जेवणासाठी आणलेल्या हंसाच्या गळ्यातल्या पिशवीत. कथा सुरेख आहे, पण कोंबडीला असते तशी ठळक पिशवी हंसाला नसते, आणि चाणाक्ष वाचक ही चूक आजवर दाखवत आले आहेत. पदार्थावर कथा उभी करायची तर पदार्थाची माहिती पक्की हवी, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पुढे अगाथा ख्रिस्तीने ख्रिसमस पुडिंगमध्ये माणिक लपवलं. ती दीर्घकथा १९६० च्या संग्रहात आहे. दरवर्षी ‘नाताळाला ख्रिस्ती’ अशी तिच्या नव्या पुस्तकाची जाहिरातच होत असे. अमेरिकेत १९८९ पासून या जातीच्या लेखनाला तिच्याच नावाचे पुरस्कार दिले जातात.

आपल्याकडे सणाचं वाचन म्हणजे दिवाळी अंक. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाचं ताट आणि अंक हे जोडीने चालत आले. रहस्यकथाही त्यात आल्या, आणि बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार-काळा पहाडने तर पिढ्यान्‌पिढ्या वाचक घडवले. पण फराळाच्या ताटाशेजारी बसून वाचलेल्या त्या कथेत फराळ क्वचितच काही काम करतो. तिथे मोठी जागा मोकळी आहे, आणि ती भरून काढायला कोकणाइतकी योग्य भूमी नाही.

आता मुद्द्यावर येते. सणाचे पदार्थ दोन प्रकारचे असतात. काही लांब मुदतीचे, काही आयत्या वेळचे. लांब मुदतीचा पदार्थ कथेत हेतू सिद्ध करतो आणि आयत्या वेळचा पदार्थ हजेरी सिद्ध करतो. हा फरक एकदा ध्यानात आला की कथेचा सांगाडा जवळजवळ आपोआप उभा राहतो.

ख्रिसमस पुडिंग लांब मुदतीचं. ते नाताळाच्या चार-पाच आठवडे आधीच्या ठरावीक रविवारी कालवतात, घरातला प्रत्येक जण चमचा फिरवून मनात इच्छा धरतो, पूर्वी त्यात चांदीचं नाणं घालत. मग ते तासन्‌तास वाफवून ठेवून देतात आणि सणाच्या दिवशी पुन्हा वाफवतात. म्हणजे संशयित सगळेच, आणि महिनाभरात कुणालाही त्या भांड्याशी जाता येतं. अशी कथा पसरते. आपल्याकडे हे काम अनारसे करतात. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, निथळून सावलीत सुकवून दमट असतानाच कुटायचे, गूळ मिसळून गोळा निदान तीन-चार दिवस मुरवायचा. तेव्हा ‘मला काल रात्रीच कळलं तुम्ही येणार ते’ असं म्हणणाऱ्या जाऊबाईंनी आज ताज्या अनारशांचा डबा पुढे केला, तर त्यांना ही बातमी आठवडाभर आधी होती. वकिलाला इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो. गूळ जास्त झाला तर अनारसा तुपात हसतो, म्हणजे विरघळून पसरतो. घाईत अंदाज चुकलेला पुरावा हाच.

वसईकडच्या ख्रिस्ती घरांतला बाटली मसालाही असाच. भर उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, मिरच्या-मसाले उन्हात वाळवून, एकेक जिन्नस वेगळा भाजून, कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात. दर घराचं प्रमाण वेगळं आणि ते बाहेर सांगायचं नाही अशी रीत. डिसेंबरात इंद्यालाचा (नाताळातल्या आंबट-तिखट सामिष रश्शाचा) वास एका घरातून दुसऱ्याच घराच्या मसाल्याचा आला, तर मे महिन्यात कोण कुणाकडे कुटायला होतं इथून तपास सुरू करावा लागतो. नाताळची मराठी रहस्यकथा लिहायची असेल तर इंग्लंडमधला बर्फ आणण्याचं कारणच नाही.

आणि आयत्या वेळचा पदार्थ म्हणजे उकडीचा मोदक. त्याचं वेळापत्रक मिनिटांत मांडता येतं. सारण परतायला वीस मिनिटं आणि गार व्हायला तेवढीच. पाणी उकळून पिठी घालून दोन वाफा, पाच मिनिटं. मळणं दहा मिनिटं. सराईत हाताला एक मोदक वळायला दीड-दोन मिनिटं, म्हणजे एकवीस मोदकांना पाऊण तासाच्या आत-बाहेर. वाफवणं दहा-बारा मिनिटं, चाळण लहान असेल तर दोन घाण्यांत. साडेबाराच्या नैवेद्याला ताट तयार हवं तर पावणेअकराच्या सुमारास चुलीपाशी कुणीतरी असलंच पाहिजे, आणि साडेअकराला तिथून हलता येणार नाही. हलली, तर ताट बोलतं, हे वर आलंच.

याला जोड मिळते सोवळ्याची. ज्या घरात नैवेद्य सोवळ्यात होतो तिथे स्वयंपाकघरात येणारी माणसं मोजकी. रहस्यकथेत बंद खोलीचा गुन्हा लिहायला लेखक काय काय कसरती करतात. इथे उंबरठाच ते काम करतो, कडीकुलुपाची गरज नाही. शिवाय नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी चव बघत नाही. मीठ विसरलं, सारणात कुणी काही मिसळलं, डबे बदलले, तर ते कळणार आरती होऊन पानं वाढल्यावर, सगळे एकत्र बसलेले असताना. गुन्हा घडण्याची वेळ आणि उघड होण्याची वेळ यांत दोन तासांचं अंतर परंपरेनेच राखून ठेवलेलं आहे.

माणसांचा जमावही आयता. एरवी कुलूप असलेलं घर चतुर्थीला भरतं. मुंबईचे चाकरमानी, पुण्याचे भाचे, माहेरवाशिणी, सगळे एका छपराखाली, आणि प्रत्येकाच्या खिशात परतीचं तिकीट. दीड दिवसाचा गणपती असेल तर लेखकाला दीडच दिवस मिळतो, गौरीबरोबर जाणार असेल तर थोडा जास्त. खून कशाला हवा? कोकणातल्या घरात भांडायला सातबारा आहे, सामाईक विहीर आहे, यंदा गणपतीची पाळी कुणाची हा प्रश्न आहे, सासूची नथ कुठल्या सुनेकडे जाणार हा आहे. हेतू इथे खरे असतात, म्हणून गुन्हा लहान असला तरी कथा हलकी पडत नाही.

त्या नथीचंच घ्या. गौर सजवताना नथ सापडत नाही. घर उलटंपालटं करून शोधतात. दुसऱ्या दिवशी ती देवघरात, तबकाखाली सापडते. ‘इथेच होती की!’ म्हणून सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पण मोती निस्तेज झालेत. सोनं जसंच्या तसं, मोत्यांवरचं पाणी मात्र उतरलंय, दोन मोत्यांमधल्या फटीत लालसर छटा. मोती म्हणजे मुळात चुनखडीच, आंबटात राहिला की त्याचा वरचा थर खाल्ला जातो आणि झळाळी जाते. सोन्याला आंबटाचं काही होत नाही. आता घरात गडद, अपारदर्शक आणि इतकं आंबट काय आहे? कोकमाचं आगळ. मे महिन्यात रातांब्यांच्या सालींना मीठ लावून काढलेला रस, चिनी मातीच्या बरणीत, फडताळाच्या वरच्या फळीवर. सणाच्या दिवशी तिथे हात जातो तो सोलकढी करणाऱ्याचाच. ज्या दिवशी नथ गेली त्या दिवशी सोलकढी ठरलेली असून झाली नाही, ‘नारळ खवट निघाला’ असं कुणी सांगितलं, हे पन्नास पानं आधी सहज येऊन गेलेलं हवं. त्याच नारळांच्या खोबऱ्याच्या मोदकांना मात्र कुणी नाव ठेवलेलं नाही, हेही यायला हवं.

अशा खुणा कोकणात ऋतूगणिक मिळतात. ऋषिपंचमीच्या भाजीत अळू आणि सुरण असतं. दोन्हींत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, ते घशाला आणि हाताला टोचतात, म्हणून खाज सुटते. चिंच, आमसूल किंवा अंबाडा घालून नीट शिजवलं की त्रास होत नाही, आणि चिरणारे हाताला तेल किंवा आमसूल चोळून घेतात. ‘मी स्वयंपाकघरात पाऊलच टाकलं नाही’ म्हणणारा भावोजी संध्याकाळी मनगटं खाजवताना दिसला की पुरे. शिमग्याला कथा न्यायची असेल तर ओले काजूगर आहेत. काजूच्या सालीतला चीक इतका जहाल असतो, की सवय नसलेल्याची बोटं भाजल्यासारखी होतात, कातडी काळी पडते आणि सोलवटते. जाणती माणसं हाताला खोबरेल किंवा राख लावून बसतात. पालखी दारात असताना कुणाच्या तरी बागेतल्या बिया गेल्या, तर चोराला आठवडाभर हात लपवावे लागतात.

खाण्याबाहेरच्या दोन खुणा सांगते, कारण त्या केवळ इथल्याच आहेत. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्यांचा वेग कमी केलेला असतो. एरवीच्या वेळेवर बेतलेली थाप गणपतीत टिकत नाही. दुसरी खूण समुद्राची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अदमासे येते, हा हिशेब किनाऱ्यावर सगळ्यांना येतो. पंचमीला पाचाची पाऊणपट म्हणजे पावणेचार. ‘दीड दिवसाचा गणपती चार वाजता ओल्या वाळूवरून लांब आत नेऊन विसर्जन केला’ असं कुणी सांगत असेल, तर तो त्या वेळी किनाऱ्यावर नव्हता, कारण चारला भरती भरलेली असते.

तपास कुणी करायचा? घरातल्या सुनेला नायिका करायचा मोह होतो. माझं मत वेगळं आहे. वाडीत चार घरी मोदकांना, वड्यांना हाताखाली बोलावतात अशी एखादी काकू असते. तिला प्रत्येक घरचा डबा कुठे आहे ते माहीत, पण ती कुठल्याच घरच्या वाटण्यांत नाही. तिच्या जोडीला भजनी मंडळ ठेवा. ते रात्री घरोघर फिरतं, काळ्या वाटाण्याची उसळ आणि चहा घेतं, आणि कुणाच्या घरी कोण गैरहजर होतं ते त्याला न विचारता ठाऊक असतं. काकूने आरोप करू नये, तिने विचारावं. ‘वयनी, मधीच खंय गेल्लंस गो?’ एवढं एक वाक्य ताटाकडे बघत म्हटलं, तरी प्रकरणाचा शेवट होतो. मालवणी बोली संवादापुरती ठेवावी, निवेदनात आणली तर घाटावरचा वाचक अडखळतो. शिवाय रत्नागिरीच्या घरात मालवणी बोलणारी सासू दाखवायची तर तिचं माहेर सिंधुदुर्गातलं असल्याचं आधी सांगावं लागेल.

चुका कुठे होतात ते ठरलेलं आहे. गणपतीत ओले काजू किंवा हापूस आणणं ही पहिली. ओल्या काजूचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, हापूस मे संपता संपता संपतो. गौरीच्या नैवेद्याबद्दल एकच नियम सगळ्या कोकणाला लावणं ही दुसरी: काही घरांत गौरीला घावन-घाटलं, काही घरांत वडे आणि सागुती, आणि एका घराचा मान दुसऱ्या घरी चालत नाही. तिसरी चूक जास्त नुकसान करते. लेखक पदार्थ नुसता वासापुरता आणतो. प्रत्येक प्रकरणात कुणीतरी काहीतरी खातं, आणि ते पदार्थ काढून टाकले तरी कथेला धक्का लागत नाही. मग ती खाद्यकथाही राहत नाही आणि रहस्यकथाही. लिहून झाल्यावर एक चाचणी घ्यावी: मोदकांच्या जागी विकतचे पेढे ठेवून बघावेत. कथा तशीच चालली तर ती अजून लिहून झालेली नाही.

राहता राहिली शेवटची पाककृती. ती शेवटीच का छापतात, याला कारण आहे. नीट लिहिलेली कृती आधी वाचली तर चोर सापडतो. म्हणून कृतीत जे प्रमाण असेल तेच कथेत चालायला हवं, आणि ‘अंदाजाने’ हा शब्द तिथे नको. जुन्या वहीतली मापं वापरायची असतील तर दोन चिपट्यांचं एक मापटं आणि दोन मापट्यांचा एक शेर, हे लक्षात ठेवा. चिपट्याच्या जागी मापटं वाचलं की सगळं दुप्पट होतं, आणि नेमका हाच घोटाळा कथेत कामाला येऊ शकतो.

मोदकांसाठी मी असं लिहीन. सुवासिक तांदळाची बारीक पिठी अडीच वाट्या, पाणी तेवढंच. तांदूळ जुना असेल तर दोन-तीन चमचे जास्त. पाण्यात चमचाभर तूप आणि चिमूट मीठ, उकळी फुटली की गॅस बारीक करून पिठी एकदम घालायची, उलथन्याच्या टोकाने ढवळून झाकण ठेवून दोन वाफा. परातीत काढून सोसवेल तितकी गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने मळायची, गुठळी एकही राहता कामा नये. तीन वाट्या खोवलेला नारळ, दीड वाटी चिरलेला गूळ, वेलची-जायफळ, भाजलेली खसखस. सारण कढईच्या कडा सोडू लागलं की उतरायचं. पातळ राहिलं तर मोदक फुटतो, जास्त आटलं तर गार झाल्यावर दाताला लागतं. उकड ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायची आणि एका वेळी एकच गोळा बाहेर काढायचा. वळलेला मोदक गार पाण्यात बुडवून हळदीच्या पानावर ठेवायचा, म्हणजे चिकटत नाही. वाफ बारा मिनिटांहून जास्त नको.

एवढ्या उकडीत एकवीस मध्यम मोदक होऊन थोडी उरते. त्यात हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर आणि मीठ वाटून घालतात, चपटे गोळे करून उरलेल्या वाफेवर निवगऱ्या होतात, कच्च्या तेलाबरोबर खातात. ज्या घरात दरवर्षी निवगऱ्या होतात तिथे यंदा झाल्या नाहीत, तर बाविसावा आणि तेविसावा मोदक कुठेतरी गेला आहे. कुणासाठी वळला आणि आरतीच्या आधी घराबाहेर कुणी नेला, हे शोधायला काकूला मागचं दार आणि पाणंद बघावी लागेल.